मागल्या जन्मीचा हिशेब

नवजात बाळाच्या पोटाचं ऑपरेशन झालं की घरचे लोक एकच विचारतात, ‘झालं ना नीट?’ डॉक्टर म्हणतात, झालं. निम्मे नातेवाईक त्याच रात्रीच्या एसटीनं गावाकडं परततात. वॉर्डातली सिस्टर मात्र तेव्हा निर्धास्त नसते. जखमेचं खरंखोटं पाचव्या ते आठव्या दिवसात कळतं, हे तिला ठाऊक असतं. पट्टी कोरडी असली तर ठीक. पट्टीवर फिकट गुलाबी पाण्यासारखा ओलावा दिसला, रक्त नाही, पू नाही, नुसतं गुलाबी पाणी, तर समजायचं की आतला थर सुटायला लागलाय. मग बाळ एकदा कळवळून रडलं, पोटात जोर आला, की टाके उसवून आतडं बाहेर यायला वेळ लागत नाही.

आमच्याकडं बाळाची पाचवी पुजतात. पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. बाळ काचेच्या पेटीत असलं तरी आज्या ऐकत नसत. वॉर्डाच्या बाहेर, जिन्याखाली, कागदावर हळदकुंकू वाहून पाचवी पुजलेली मी कितीदा पाहिली आहे. मी कधी कुणाला हटकलं नाही. दिवा तेवढा ऑक्सिजनपासून लांब ठेवा म्हणायची.

मी सोनपेठची. नोकरीचा बराच काळ शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेला. निवृत्त होऊन गावी आले, तर तेच काम दारात येऊन बसलं. आमच्या तालुक्यातून असं बाळ निघालं की परळी, अंबाजोगाई, नाहीतर परभणी, नांदेड; तिथून पुढं संभाजीनगर किंवा मुंबई. ऑपरेशन होतं, सुट्टी मिळते, आणि पोटावर शीची पिशवी लावलेलं लेकरू घेऊन माय गावी परतते. पिशवी निसटली, कातडी सोलवटली, टाक्यातून पाणी येतंय, की कुणीतरी सांगतं, त्या रिटायर सिस्टरकडं जा. येतात. आणि येताना आजी एक प्रश्न घेऊन येते. ‘सिस्टर, इतकुसं लेकरू. यानं मागल्या जन्मी असं काय केलं असंल वो?’

प्रश्न आजीच विचारते. माय गप्प असते, कारण हा प्रश्न बाळापाशी थांबत नाही, पुढचा नंबर आपला आहे हे तिला कळतं. ‘ग्रहण पाळलं न्हाई’, ‘नवस बोलली अन् फेडला न्हाई’, ‘हिच्या माहेरात असंच हाय’. मागल्या जन्मापासून निघालेली चौकशी दोन वाक्यांत सुनेच्या माहेरी पोचते. बापाच्या मागल्या जन्माची चौकशी झालेली मी तरी पाहिली नाही.

एका बाळाचं सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. आईबाप ऊसतोडीला गेलेले. नववा महिना लागला तरी ती मोळ्या उचलत होती, कारण नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल दोघांच्या नावावर असते. बाळ फडावरच्या कोपीत झालं. शीची जागाच नव्हती. साधारण पाच हजार जन्मांत एखाद्या बाळाला असं असतं. फार दुर्मीळ म्हणता येणार नाही. जन्मल्याबरोबर लंगोट बाजूला करून बघितलं तर कुणालाही दिसेल. कुणी बघितलं नाही. दूध पाजत राहिले, बाळ हिरवं ओकायला लागलं, पोट टम्म फुगलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. सर्जननं पोटावर आतड्याचं तोंड काढून दिलं, जीव वाचला. पण पोट इतकं ताणलेलं होतं की कातडी ओढूनच शिवावी लागली असणार. माझ्याकडं आलं तेव्हा जखमेचा एक कोपरा उघडा पडला होता आणि पिशवीतली शी झिरपून त्याच कोपऱ्यात येत होती.

दोन किलोच्या आसपासच्या बाळाची पट्टी काढणं हे घाईचं काम नाही. या बाळांची कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी ओढली तर पट्टीबरोबर सालही येतं. म्हणून आधी कोमट सलाइननं भिजवायचं, वाट बघायची, कड सुटली की दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरायची आणि पट्टी वर न ओढता मागं दुमडत न्यायची. आत चिकटलेला गॉज कधीच कोरडा उपसायचा नाही. जखमेच्या तळाशी लालबुंद, बारीक दाणेदार मांस दिसलं की आपल्याला हायसं वाटतं. पिवळट पापुद्रा दिसला की नाही. त्या दिवशी पिवळट होतं. शीचं तोंड आणि जखम यांच्यामध्ये आडोसा करायचा, जस्ताच्या मलमाचा जाड थर द्यायचा, मऊ सुती कापडाची घडी ठेवायची आणि ती ओली झाली की लगेच बदलायची. माय हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती. आजीनं तेवढ्यात प्रश्न विचारला.

माझे थोरले बंधू, आण्णा, कीर्तनकार आहेत. गंगाखेड, परळी, पाथरी या पट्ट्यात त्यांचे सप्ताह असतात. त्यांच्याशी माझा या प्रश्नावरचा वाद जुना आहे. आण्णांचं म्हणणं सरळ आहे. कर्म मानलं नाही तर देव अन्यायी ठरतो.

हा मुद्दा आण्णांच्या घरचा नाही, फार जुना आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच खटला उभा राहतो. जगात कुणी सुखात लोळतो, कुणी जन्मल्यापासून तळमळतो. मग हे जग करणारा देव पक्षपाती नाही का, निर्दय नाही का? शंकराचार्य भाष्यात उत्तर देतात की देव मनाला येईल तसं वाटत नाही, ज्याच्या त्याच्या कर्माकडं पाहून देतो. पाऊस सगळ्या रानावर सारखाच पडतो, उगवतं ते बियाण्यासारखं. त्यावर विचारणारा पुन्हा विचारतो, सृष्टीच्या आरंभी तर कुणाचंच कर्म नव्हतं, तेव्हाचा भेदभाव कुठून आला? उत्तर येतं, आरंभ असा नाहीच, संसार अनादि आहे.

युक्तिवाद म्हणून हा बिनतोड आहे, आणि विचारणाऱ्याला एकही शंका गिळायला न लावणारे ते लोक मला आवडतात. पण खटला नीट बघा. आरोपी होता देव. तो निर्दोष सुटला. आणि तो सुटावा म्हणून गुन्हा ज्याच्या नावावर चढला, तो पेटीत पडलाय, त्याच्या नाकात नळी आहे आणि त्याला वकील नाही. गुन्हा कोणता तेही त्याला सांगता यायचं नाही. गर्भोपनिषद म्हणतं की नवव्या महिन्यात गर्भातल्या जीवाला आपले सगळे जन्म आठवतात, आणि बाहेरचा वारा लागताच तो सगळं विसरतो. म्हणजे आठवण असते तोवर शिक्षा नाही, आणि शिक्षा सुरू होते ती आठवण पुसल्यावर.

आण्णा म्हणाले, ‘शिक्षा म्हणतेस तिथंच घोळ आहे. कर्म हा नियम आहे. अजाण लेकरानं विस्तवात हात घातला तरी भाजणारच.’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि पुष्कळ दिवस मला उत्तर सुचलं नव्हतं. आता असं वाटतं, की विस्तव मला दिसतो, मी लेकराचा हात मागं ओढू शकते, भाजलं तर पाणी ओतू शकते. मागल्या जन्मीचं कोणतं कर्म, कधी, कुणाशी, यातलं काहीच कळत नसलेला नियम कामाला येतो तो एकाच ठिकाणी, बोट दाखवायला. त्या नियमानं आजवर एका बाळाचा टाका सुकलेला नाही.

आणि हे काही माझ्यासारखीच्या डोक्यातून निघालेलं बंड नव्हे. महाभारतात आदिपर्वात मांडव्य ऋषीची गोष्ट आहे. चोर त्याच्या आश्रमात लपले, राजाच्या शिपायांनी मौनात बसलेल्या ऋषीलाही पकडलं आणि सुळावर दिलं. तो मेला नाही. पुढं राजाला चूक कळली, ऋषीला खाली उतरवलं, पण सूळ अंगातून निघेना. बाहेरचा भाग कापून टाकला, आतला तसाच राहिला. तो तसाच हिंडत राहिला, म्हणून लोक त्याला अणिमांडव्य म्हणू लागले. तो थेट धर्मराजाच्या दरबारात गेला आणि विचारलं, मी असं काय केलं होतं? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचलीस. मांडव्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. इतक्या लहान चुकीला इतकी मोठी शिक्षा दिलीस म्हणून त्यानं धर्मालाच शाप दिला, शूद्रयोनीत जन्म घे; तो विदुर झाला. आणि त्यानं जगासाठी नवी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांच्या आत केलेलं पाप धरायचं नाही. अंगात सूळ घेऊन फिरणाऱ्या माणसानं कायदा बदलून घेतला. सप्ताहात ही गोष्ट विदुराच्या जन्माची म्हणून सांगतात, शाप सांगतात आणि पुढं जातात. मर्यादेवर कुणी थांबत नाही.

माझ्याबरोबर नोकरीला एक सिस्टर होत्या, बौद्ध. त्यांच्याकडून मी बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायला आणलं. त्यात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाच्या माथी मारू नका असं त्यांनी फार कडकपणे मांडलं आहे. पुढं त्याच बाईंनी संयुत्त निकायातला एक संवाद दाखवला. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्मामुळंच, असं काही जण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध मोजून आठ कारणं सांगतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, नीट काळजी न घेणं, बाहेरचा आघात, आणि आठवं कर्म. सगळं कर्मावर टाकणारे आपल्याला प्रत्यक्ष कळतं त्याच्या पलीकडं उडी मारतात, असा त्याचा निवाडा. कर्म त्यानं काढून टाकलं नाही, पण रांगेत शेवटी उभं केलं. मला त्यातलं सहावं कारण फार मोठं वाटतं, नीट काळजी न घेणं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत ते वेगळं नोंदलं आहे.

चरकाचंही तसंच. विमानस्थानात अग्निवेश गुरूला विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलंच असतं का? आत्रेय म्हणतात, दैव आणि माणसाचा प्रयत्न दोन्ही असतात, जे बलवान ते दुसऱ्याला मागं सारतं. आयुष्य ठरलेलंच असतं तर औषधाची, मंत्राची, हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याची कुणाला गरजच पडली नसती. गाडीचा आस चांगला असला तरी ओझं जास्त झालं, रस्ता खराब असला, वंगण नसलं तर अवेळी मोडतो, तसंच शरीराचं. आमच्या रस्त्यांवरून अंबाजोगाईला बाळ नेलेल्या कुणालाही हा दाखला समजावून सांगायची गरज नाही.

आता त्या फडावरच्या बाळाच्या जखमेची कारणं. वजन कमी, कारण आईच्या अंगात रक्त नव्हतं. तीन दिवस उशीर, त्यामुळं आतडं फुगलेलं आणि पोट शिवताना ताण. तान्ह्याची जखम भरायला लागणारी प्रथिनं रक्तात कमी, कारण पोटात दूध जातच नव्हतं. शीचं तोंड जखमेच्या जवळ. आणि कुठंतरी, कुणाचा तरी, नीट न धुतलेला हात. ऑपरेशनच्या खोलीतला, वॉर्डातला, एसटीतला, घरातला, सांगता येत नाही. यातलं एकही कारण मागल्या जन्मीचं नाही. बरीचशी तर मागल्या पंधरवड्यातली आहेत.

आणि इथंच मला आण्णांच्या शास्त्राचा कणा वाकलेला दिसतो. जो करील तो भरील, एकाचं कर्म दुसऱ्याला भोगावं लागत नाही, हा त्या सगळ्या विचाराचा आधार. लेकराच्या पोटावरची चिघळलेली जखम नेमकं उलटं सांगते. उचल देणारा एक, मोळी उचलणारी दुसरी, जन्मल्याबरोबर न तपासणारी तिसरी, हात न धुणारा चौथा, आणि भरणारं भलतंच. करणी एकाची, भरणी दुसऱ्याची. कर्म खरं आहे, फळही खरं आहे, फक्त फळ करणाऱ्याच्या पत्त्यावर जात नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात पातळ कातडीचं जे असेल तिथं ते जाऊन पडतं.

व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला हेच दिसलं. बाळंतपणाचे दोन वॉर्ड. एकात डॉक्टर आणि शिकणारी मुलं, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. हवेतले, आकाशातले परिणाम अशी कारणं थोरामोठ्यांनी ठरवून टाकली होती. एक तर्क असा होता की मरणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार द्यायला पाद्री घंटा वाजवत त्या वॉर्डातून जातो, त्या घंटेच्या भीतीनं बायका मरतात. सेमेलवाइसनं तो तर्कही हसण्यावारी नेला नाही. पाद्र्याला दुसऱ्या वाटेनं, घंटा न वाजवता जायला लावलं. मरण कमी झालं नाही. मग कळलं की डॉक्टर प्रेत चिरून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. मोठ्या डॉक्टरांना ते पटायला फार वर्षं लागली. आपल्याच हातात मरण असतं हे मानण्यापेक्षा आकाश बरं असतं.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचवली, दहा गेली. त्या आठवड्यात मी सोनपेठात एका घरी बसले होते, टीव्ही चालू होता आणि एक शहाणे गृहस्थ म्हणाले, ‘एकाच वेळी दहा जणांचं भरत आलं होतं म्हणायचं.’ मी उठून आले. दहा लेकरांचं प्रारब्ध एकाच रात्री, एकाच खोलीत जुळून आलं हे ज्याला सहज पटतं, त्याला वायरिंगची तपासणी कधीच तातडीची वाटणार नाही.

दुखण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण लेकरू भोगतंय की नाही यावरच सगळं उभं आहे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्यानं चटके देतात, अशा बातम्या अजून येतात. वाचून आपण हळहळतो, अडाणीपणा म्हणतो. पण १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या दवाखान्यांत नवजात बाळांना हालचाल थांबवणारं औषध आणि अगदी हलकी भूल देऊन पोट, छाती उघडत असत. मज्जासंस्था कच्ची आहे, त्यांना फारसं कळत नाही, भूल सोसणार नाही, असा पक्का समज. बाळ हलत नव्हतं, त्यामुळं ते काही सांगू शकत नव्हतं. इंदूरला डॉक्टर झालेले कंवलजीत सिंग आनंद ऑक्सफर्डला गेले, तेव्हा ऑपरेशनहून परत येणारी बाळं इतकी खचून का येतात हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले, एकाला नेहमीच्या भुलीबरोबर फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला नेहमीसारखंच ठेवलं. १९८७ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ज्यांचं दुखणं थांबवलं त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी. म्हणजे लेकराला दुखतं एवढं मान्य केल्यानंच ते बरं होण्याची शक्यता वाढली. विळा तापवणारी म्हातारी आणि त्या चांगल्या दवाखान्यांतले सर्जन यांच्यात या एका बाबतीत फरक नव्हता. दोघांनीही लेकराला विचारलं नव्हतं.

डॉक्टरांच्या तोंडून आणखी एक गोष्ट कळली होती, ती मी आण्णांना मुद्दाम सांगितली. गर्भाला साधारण सहाव्या महिन्याच्या आत कातडीला जखम झाली तर ती भरते आणि वण राहत नाही. नंतर मात्र राहतो. आण्णा बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘म्हणजे गर्भात हिशेब ठेवत नाहीत तर.’ हसले. मला वाटतं त्यांना ते लागलं.

इतकं सगळं म्हणून झाल्यावर एक गोष्ट माझ्या विरोधातली आहे. फार कमी दिवसांचं एक बाळ होतं, आतडं काळं पडलेलं. दोनदा पोट उघडलं, दोन्ही वेळा टाके सुटले. गेलं. त्याची माय चौथीपर्यंत शिकलेली. मी काही बोलायच्या आत तिनंच माझा हात धरला आणि म्हणाली, ‘बाई, माव्हं लेकरू काय होतं मागलं ते फेडून गेलं. सुटलं.’ ती रडत नव्हती. त्या वाक्याच्या आधारानं ती जिना उतरून गेली, प्रेत घेऊन रात्रीचा प्रवास केला असेल. तिला मी शंकराचार्य आणि सेमेलवाइस सांगणार होते का? तेच वाक्य सासू तिच्याबद्दल बोलली असती तर मी सासूला तिथंच गप्प केलं असतं. स्वतःच्या दुःखाला टेकू म्हणून एखादीनं लावलेलं वाक्य आणि दुसरीच्या दुःखावर ठोकलेला शिक्का, शब्द तेच असले तरी मी त्यांना एक मानत नाही. कर्माचा विचार मला पटत नाही, पण तो त्या बाईच्या हातून काढून घेण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. हे दोन्ही माझ्यात एकत्र कसं राहतं ते मला समजावून सांगता येत नाही, राहतं एवढं खरं.

देवाबद्दल म्हणाल तर आमच्या पट्ट्यातले देव न्यायाधीशासारखे वागतच नाहीत. परळीला इथून किती वेळ लागतो? तिथं शंकर वैद्यनाथ आहे. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी विष्णूनं त्या लिंगात लपवले अशी कथा सांगतात, आणि पूर्वापार तिथं पिंडीला हात लावून दर्शन घ्यायची चाल आहे. न्यायाधीशाला कुणी हात लावत नाही, वैद्याला लावतात. दुसऱ्या बाजूला गंगाखेड, जनाबाईचं. लहानपणी आईबाप सुटले, परक्याच्या घरी जन्म कामात गेला. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. जनी, तुला हे भोग का आले, ते मी तुला सांगतो, असं म्हणत तो जात्यापाशी बसलेला मला कुठं भेटला नाही. खुंट्याला हात घालतो आणि ओढायला लागतो. गंगाखेडच्या शेजारच्या तालुक्यात राहून आम्हाला कारण सांगणारा देव लागतो, याचं मला नवल वाटतं.

त्या फडावरच्या बाळाची जखम हळूहळू लाल झाली, तळापासून भरत आली. पिशवी अजून आहे. पुढं शीची जागा करायचं ऑपरेशन, मग पोटावरचं तोंड बंद करायचं तिसरं. सरकारी योजनेत ते होतं, पण मजुरी बुडवून दोघांनी शहरात राहायचं कसं, याची योजना नाही. आजी आता मागल्या जन्माचं विचारत नाही. पुढल्या तारखेचं विचारते.

एकदा पट्टी चालू असताना आण्णा आले. आत येतो म्हणाले. कोपरापर्यंत हात साबणानं धुवायला लावले, टिळा-माळेसकट तोंडाला मास्क बांधला, आणि हात वर धरून उभं केलं. त्यांनी पहिल्यांदाच ती जखम पाहिली. बाहेर ओसरीवर आल्यावर चहा घेताना म्हणाले, ‘मांडव्याची गोष्ट यंदाच्या सप्ताहात घेतो. चौदा वर्षांच्या आतलं पाप नाही म्हणजे जन्मताना पाटी कोरीच पाहिजे, असा अर्थ लावला तर चालेल का?’

‘मांडव्य तेवढं बोलला नव्हता,’ मी म्हटलं. ‘मागल्या जन्माचं दार त्यानं उघडंच ठेवलंय.’

‘ते मी बंद करतो. कीर्तनकाराला तेवढी मुभा असते. पण मग देवावरचा खटला परत उभा राहतो, त्याचं काय?’

‘राहू द्या की.’